पडद्यावरचे नव्वद टक्के

या पुरवणीत नाटकांवर लिहिले जाते, पुस्तकांवर लिहिले जाते, कधी एखाद्या गाण्याच्या मैफलीवरही. हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमवर लिहितो आहे म्हटल्यावर घरातूनच विचारणा झाली, की हे वाचणार कोण? पण हे खेळ आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहेत आणि मुलांच्या हातातून कधी ना कधी आपल्याही हातात येतात. त्यांच्याविषयीचे आपले बोलणे मात्र 'किती वेळ खेळायचे' याच्या पुढे जात नाही. खेळ चांगला की वाईट, आणि चांगला असेल तर कशामुळे, हे विचारायचे राहूनच जाते.

मी निवडलेला खेळ आहे 'फायर एम्ब्लेम'. निन्टेन्डोच्या 'गेम बॉय ॲडव्हान्स' या छोट्या यंत्रासाठी 'इंटेलिजंट सिस्टिम्स' या जपानी कंपनीने तो तयार केला. जपानमध्ये तो एप्रिल २००३ मध्ये आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत. मालिका १९९० पासूनची असली तरी जपानबाहेर आलेला तिचा हा पहिलाच भाग. आता तो जुन्या यंत्रावाचूनही खेळता येतो, कारण जून २०२३ मध्ये निन्टेन्डोने तो 'स्विच'च्या वर्गणीदारांसाठी उपलब्ध केला.

खेळाची जात बुद्धिबळाच्या जवळची. चौकोनी घरांचा पट, एक पाळी आपली, एक शत्रूची. पडदा इतका लहान की एका वेळी पंधरा घरे रुंद आणि दहा घरे उंच एवढाच पट दिसतो. बाकीचा सरकवून बघायचा. तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला भारी, भाला तलवारीला भारी. हे लहान मुलालाही पाच मिनिटांत कळते. बुद्धिबळाहून दोन गोष्टी वेगळ्या. एक म्हणजे इथे फासे आहेत: वार लागेलच असे नाही, लागण्याची शक्यता आधी टक्क्यांत दाखवली जाते. दुसरी म्हणजे इथल्या प्रत्येक प्याद्याला नाव आहे, चेहरा आहे, बोलण्याची ढब आहे, आणि ते मेले की मेले. पुढच्या प्रकरणात ते परत येत नाही.

आधी फाशांचे सांगतो, कारण माझ्यातला इंजिनिअर तिथेच अडकला. पडद्यावर नव्वद टक्के दिसले, तर शंभरातले दहा वार चुकायला हवेत. प्रत्यक्षात दोनच्या आसपास चुकतात. हौशी मंडळींनी प्रोग्रॅम उकलून पाहिला आहे आणि त्यातली युक्ती सोपी आहे. यंत्र ० ते ९९ मधला एक नव्हे, दोन आकडे काढते आणि त्यांची सरासरी पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघते. दोन आकड्यांच्या दहा हजार जोड्यांपैकी ज्यांची सरासरी नव्वद किंवा त्याहून जास्त येते अशा जोड्या फक्त एकशे नव्वद. म्हणजे नव्वद टक्क्यांचा वार खरोखर ९८.१ टक्के लागतो. उलट दहा टक्के दाखवलेला वार लागतो केवळ २.१ टक्के. पन्नासचे मात्र पन्नासच राहतात, वर अर्धा टक्का.

हे खोटे आहे का? हिशेबाच्या वहीत असे लिहिले तर लेखापरीक्षक धरेल. पण माणसाच्या मनात नव्वद टक्क्यांचा अर्थ काय असतो हे आठवून बघा. डॉक्टर म्हणाले 'नव्वद टक्के गुण येईल', तर आपण घरी फोन करून सांगतो की येणार. दहातला एक धोंडा आपल्याच पायावर पडला की वाटते, कोणीतरी फसवले. खेळाच्या कर्त्यांनी गणित माणसाच्या समजुतीकडे वाकवले. आपण बहुधा मोठ्या आकड्यांनी वार करतो आणि शत्रू लहान आकड्यांनी, त्यामुळे ही वाकवणूक बहुतेक वेळा आपल्याच पथ्यावर पडते. हातून गेलेला माणूस परत येत नसेल, तर एवढी सवलत हवीच. सरळ फाशांनी हा खेळ कोणीही दुसऱ्या आठवड्यात फेकून दिला असता.

गंमत अशी की सगळे फासे असे वाकवलेले नाहीत. कधी कधी वार मर्मी लागतो आणि तिप्पट इजा करतो. त्यासाठी एकच आकडा काढला जातो, तीन टक्के म्हणजे खरोखर तीन. मोठ्या आकड्यांवर विसंबायची सवय लागते आणि मग या प्रामाणिक तीन टक्क्यांतून घाव येतो. माझी फ्लोरिना तशीच गेली. ही पंख असलेल्या घोड्यावर बसणारी, पुरुषांसमोर जीभ अडखळणारी मुलगी. दोन वाक्ये बोलून ती पडद्यावरून गेली. तिला दोन बहिणी आहेत आणि तिघींनी एकत्र करायचा एक खास हल्लाही खेळात आहे. माझ्या खेळात तो पुढे कधीच झाला नाही.

आता खरा प्रश्न येतो. यंत्र प्रत्येक हालचालीनंतर सगळे नोंदवून ठेवते. बंद करून पुन्हा चालू केले तरी तीच स्थिती समोर येते, एक चाल मागे घेता येत नाही. मात्र अख्खे प्रकरण पहिल्यापासून खेळता येते. त्यात गेलेला माणूस जिवंत असतो, आणि तुमचा तासभर गेलेला असतो. म्हणजे खेळ दर वेळी विचारतो, की या व्यक्तीसाठी तू तुझ्या संध्याकाळचा एक तास देशील का? कामावरून येऊन, जेवणे आटपून, मुलांचा अभ्यास घेऊन उरलेला तास किती किमती असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. काही पात्रांसाठी मी तो दिला, काहींसाठी नाही. कोणासाठी दिला नाही ती नावे मला आठवतात. एवढ्याशा पडद्यावरच्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या बाहुल्यांनी हे घडवावे, हे या खेळाचे मोठे यश मी मानतो.

कथा मात्र या यशाला पुरी पडत नाही. एलिवुड नावाचा सरदारपुत्र हरवलेल्या वडिलांच्या शोधात निघतो, मारेकऱ्यांची एक टोळी आडवी येते, मागे नेर्गल नावाचा मांत्रिक असतो, आणि शेवटी ड्रॅगन. साचा ओळखीचा आहे. त्याहून मोठी उणीव ही, की बहुतेक पात्रांच्या मरणाची पुढची कथा दखलच घेत नाही. इथे मी कर्त्यांना पूर्ण दोष देणार नाही. खेळात चाळीसच्या वर पात्रे आहेत. त्यातली तीसच धरली तरी कोण जिवंत आणि कोण मेलेले याच्या शंभर कोटींहून अधिक शक्यता होतात. तेवढे संवाद कोण लिहिणार?

त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. पात्रांच्या जोड्या लावल्या. दोघे लढाईत शेजारी शेजारी उभे राहत गेले की त्यांच्यात बोलणे होते, टप्प्याटप्प्याने तीनदा. दोघे जिवंत असले की पुरे, बाकी कोण गेले याची त्या संवादाला गरज नाही. खेळातले सर्वांत जिवंत लेखन या जोड्यांत आहे. पण ते मिळवायला त्या दोघांना कितीतरी पाळ्या नुसते जवळ उभे करावे लागते आणि शेवटच्या मूल्यमापनात जास्त पाळ्या घेतल्याचे गुण कापले जातात. शिवाय एका पात्राला एका खेपेत पाचच संवाद. ज्याला माणसे समजून घ्यायची आहेत त्याला खेळाने रेंगाळल्याबद्दल शिक्षा करावी, हे मला अनाकलनीय वाटते.

सुरुवातीची लिनची दहा-अकरा प्रकरणे शिकवणीची आहेत आणि पहिल्या खेपेस टाळता येत नाहीत. जाणत्याला कंटाळा येईल, पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती उत्तम. आमच्या मुलीने ती एका शनिवार-रविवारी संपवली आणि मग मला शिकवायला बसली.

मालिकेने पुढे मरण सोडून दिले असे म्हणता येईल. २०१० पासून पडलेले पात्र पुढच्या प्रकरणात परत येणारा सौम्य प्रकार आला, २०१७ पासून काळ मागे फिरवण्याची शक्ती कथेतच आली. त्यामुळे खेळणारे वाढले आणि त्यात गैर काही नाही. 'स्विच'वरच्या या जुन्या खेळालाही आता मागे फिरवण्याचे बटण मिळाले आहे. ते दाबले की फ्लोरिना दहा सेकंदांत उठून बसते. एका तासाच्या जागी दहा सेकंद किंमत पडली की तिच्यासाठी काही द्यावे का हा प्रश्नच उरत नाही, आणि तो वगळला तर उरतो तो तलवार-कुऱ्हाड-भाल्यांचा एक सुबक, बऱ्यापैकी सोपा पट. पहिल्या खेपेस ते बटण नाही असे समजून खेळावे. एलिवुडची कथा संपली की त्याचा मित्र हेक्टर याच्या बाजूने तीच कथा पुन्हा खेळता येते; ती अधिक कठीण आहे आणि माझ्या मते अधिक चांगलीही. बटण दाबायचेच असेल तर तिथे दाबा.