किडनी वाढलेल्या मोटारी

ज्या मोटारीची किंमत ऐकल्यावर आपण आधी शून्यं मोजतो आणि मग पाणी मागतो, तिच्यावर टीका करण्याचा आपल्याला अधिकार काय, असं एका गृहस्थांनी मला विचारलं. अधिकार आहे. पंगतीतली जिलबी कच्ची राहिली हे सांगायला वधूपिता असावं लागत नाही; पानावर बसलेलं असलं की पुरे. आणि या आलिशान सेडान गाड्यांच्या पंगतीला आपण सगळेच बसलेलो आहोत. जरा शेवटच्या रांगेत, एवढंच. ते कसं, हे पुढे सांगतो. आधी जिलबी.

बीएमडब्ल्यूच्या नाकावर दोन जाळ्या असतात. त्यांना किडनी म्हणतात. १९३३ सालच्या ३०३ या गाडीपासून त्या आहेत आणि पुष्कळ वर्षं त्या बेताच्या, घरंदाज होत्या. २०१९ साली सेव्हन सिरीजचं रूप पालटलं आणि ही किडनी एकदम सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. आपल्याकडे किडनी वाढली की माणसाला सोनोग्राफीला नेतात. तिथे प्रदर्शनाला नेली. २०२२ साली त्याच घराण्यात विजेवर चालणारी आय-सेव्हन आली. आता, या जाळीचं मूळ काम इंजिनाच्या रेडिएटरला वारा पुरवणं. विजेच्या गाडीला इंजिनच नाही. तरी किडनी आहे, चांगली थोरली आहे, आणि रात्री तिच्या कडेने दिवेही लागतात. दात पडलेल्या माणसाने चांदीची दातकोरणी मिरवावी, त्यातला प्रकार!

मर्सिडीझची गोष्ट उलटी. तिच्या २०२१ सालच्या ईक्यूएसचा आकार माणसांनी नव्हे, वाऱ्याने ठरवला. गाडी वाऱ्याला किती अडते हे मोजण्याचा एक गुणांक असतो. तो हिचा अवघा ०.२० आहे. ही कामगिरी थोर. हात जोडून मान्य. गाडी वाऱ्याला जितकी कमी अडेल तितकी एका चार्जिंगमध्ये लांब जाईल. पण वाऱ्याला जे आवडतं ते डोळ्यांनाही आवडेल असं कुठे आहे? नरकचतुर्दशीला उघडलेला मोती साबण तुळशीच्या लग्नापर्यंत जसा होतो, तशी ती दिसते. ब्रुनो साको यांच्या देखरेखीखाली घडलेली १९७९ सालची एस-क्लास पाहा. बोनेट कुठे संपलं, माणसं कुठे बसली, डिकी कुठे सुरू झाली, सगळं शाळकरी मुलालाही चित्रात काढता येईल. साबणाचं चित्र काय काढणार?

शिवाय या ईक्यूएसचं बोनेट मालकाला उघडता येत नाही. काच धुण्याचं पाणी भरायला बाजूला एक झाकण ठेवलंय. मालकाचा अधिकार तेवढाच. घाटात गाडी तापली की बोनेट उघडून तीन-चार अनोळखी माणसांनी आत डोकावायचं आणि प्रत्येकाने वेगळा दोष सांगायचा, हा आपला केवढा मोठा सामाजिक सोहळा! २०२२ पासून या गाडीची जुळणी आपल्या चाकणला होऊ लागली, पण सोहळा बंद तो बंदच.

आवाजाची तऱ्हा आणखी न्यारी. आधी दुहेरी काचा, जाड अस्तरं लावून इंजिनाचा आवाज बाहेर ठेवायचा. मग आत फार शांत झालं म्हणून तोच आवाज स्पीकरमधून आत सोडायचा. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम-फाइव्हमध्ये हे खरोखर केलं. विजेच्या गाड्यांसाठी तर हॅन्स झिमर या हॉलिवूडच्या संगीतकाराला गाठून आवाज रचून घेतले. बैलाच्या गळ्यात घुंगरं आम्हीही बांधतो. पण घुंगरांच्या आवाजाला डरकाळी म्हणत नाही. आणि किती तरी गाड्यांच्या मागे धुराची दोन चकचकीत नळकांडी असतात ना, ती वाकून पाहा. पुष्कळदा आत प्लास्टिक निघतं. खरं नळकांडं खाली तोंड लपवून बसलेलं असतं. कुत्रा नसलेल्या बंगल्यावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’!

आता पडदे. ईक्यूएसमध्ये दारापासून दारापर्यंत १४१ सेंटिमीटर रुंदीची काच घेता येते. दुसऱ्या एका कंपनीच्या, नाव नको, अशाच पडदेदार गाडीतून जाण्याचा मला एकदा योग आला. एसीचा झोत नेमका माझ्या मानेवर येत होता.

“अण्णासाहेब, वारा जरा कमी करता?”

“हे काय, आत्ता!” म्हणून त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. आधी भजन लागलं. मग माझी खुर्ची माझी पाठ चोळू लागली. मग ‘आपणास घरी जायचे आहे काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला. मला जायचं होतं, कारण पुढचा सिग्नल लाल झालेला मला दिसत होता आणि अण्णासाहेबांना पडदा दिसत होता.

“अण्णासाहेब, सिग्नल!”

त्यांनी ब्रेकवर पाय मारला. गाडी न घसरता, न फिरता, सरळ रेषेत थांबली.

ही किमया एबीएसची. करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा १९७८ साली एस-क्लासमध्ये आली. म्हणजे आजच्या पडद्याने घातलेला घोळ १९७८ च्या ब्रेकने निस्तरला!

आणि पंगतीचा संबंध इथेच येतो. श्रीमंतांच्या ताटातला तो ब्रेक फिरत फिरत आपल्यापर्यंत आला. २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. १९८१ साली एस-क्लासमध्ये आलेली चालकाची एअरबॅगही त्याच वर्षी सक्तीची झाली. १९९१ च्या एस-क्लासला तर रिव्हर्स गिअर टाकला की मागच्या दोन कोपऱ्यांतून दोन काठ्या वर यायच्या, डिकी कुठे संपते ते दाखवायला. दिसायला हसूच यायचं. पण चार वर्षांत त्या काठ्यांची जागा सेन्सरनी घेतली, आणि २०१९ मध्ये रिव्हर्सचे सेन्सरही आपल्या साध्या गाड्यांना सक्तीचे झाले. काठी वाया गेली नाही.

म्हणून श्रीमंतांनी महागड्या गाड्या घ्याव्यात, अवश्य घ्याव्यात. आपल्या नातवंडांच्या सुरक्षिततेचा पहिला हप्ता तेच भरत असतात. माझी तक्रार एवढीच की, हल्ली त्या ताटातून खाली काय येतंय ते पाहा. पडदा आलाच आहे. चार मीटरच्या गाडीतही खटके जाऊन काच बसू लागली. जबड्याएवढ्या जाळ्याही आल्या. शेवटी युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅपला २०२६ च्या नियमांत सांगावं लागलं की भोंगा, वायपर, इंडिकेटर यांना हाताला लागणारे खटके हवेत, नाहीतर गुण कापू. शंभर वर्षं जे होतंच, ते ठेवल्याबद्दल आता गुण!

किडनी कितीही वाढवा हो, आमचं काही म्हणणं नाही. फक्त अधूनमधून एखादी काठीही काढत जा.