मैलांचा हिशेब आणि वाटेची ओळख

प्रवासवर्णनाची थोरवी अंतरावर ठरत नाही, हे सर्वांना मान्य असते. तरी सायकलप्रवासाचे पुस्तक हाती आले की आपण प्रथम मैलच मोजतो. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा या मुंबईच्या पारशी तरुणांचा ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ हा इंग्रजी ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा जण मुंबईहून निघाले. १८ मार्च १९२८ रोजी जगप्रदक्षिणा पुरी करून परतले ते हे तिघेच. अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. आकडा थक्क करणारा खरा. पण ग्रंथाचे मर्म त्यात शोधू नये.

साधा भागाकार करून पाहावा. मुक्कामांसह दिवसाची सरासरी ४४ किलोमीटर पडते. बगदाद ते अलेप्पो हे ९५६ किलोमीटरचे निर्जल वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडले. तेथेही सरासरी ४२च्या आतच. म्हणजे बुऱ्हाणपुराहून असीरगडास जाऊन परतावे, साधारण तेवढीच मजल! एवढ्या संथ गतीने जाणाऱ्याला वाटेतले गाव टाळता येत नाही. पाणी, भाकरी आणि रात्रीचा आसरा यांसाठी त्याला रोज परक्याच्या दारी उभे राहावे लागते. हे परावलंबनच अशा लेखनाचे खरे भांडवल होय.

या तरुणांना स्फूर्ती मिळाली तीही युरोपातून हिंदुस्थानात पायी आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाच्या व्याख्यानातून. पायी प्रवासाची परंपरा आपल्याकडेही आहे. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. १९०७ साली प्रकाशित झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही वाचला जातो, तो किती कोस चालले यासाठी नव्हे. वाटेत कोण भेटले, काय ऐकले, काय लुटले गेले, यासाठी.

सायकलप्रवासाच्या लेखनाला हीच कसोटी लावावी. ‘पहिला’, ‘विक्रमी’ ही विशेषणे पुढच्या विक्रमाबरोबर शिळी होतात. आपल्या घराण्यांचे पूर्वजही सातपुडा ओलांडून वा तापीकाठाने असेच मजल दरमजल आले. त्यांच्या वाटेवरच्या मुक्कामांची नावे मात्र बहुतेक घरांतून पुसली गेली आहेत. इच्छापूर रस्त्याने किंवा रानातल्या कच्च्या वाटांनी सायकलवर निघणाऱ्या आपल्या नातवंडांनी किलोमीटर अवश्य लिहावेत. पण पाणी कोणत्या गावी मिळाले आणि ते कोणी दिले, तेही टिपून ठेवावे.