‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेतली अमेरिका

जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. पुस्तक मराठी, पण अर्पणपत्रिका इंग्रजीत. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी अमेरिकेतील सज्जनांनी केलेल्या त्यागाचा त्यात गौरव आहे आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी आशाही आहे. आपण तिच्याकडे बहुधा कृतज्ञतेचा उद्गार म्हणून पाहतो. मला तीत ठपकाही दिसतो.

हे ‘सज्जन’ जोतीरावांना केवळ वर्तमानपत्रांतून माहीत नव्हते. आम्हा शिर्डीकरांना जिल्ह्याचे गाव असलेल्या नगरला अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१पासून होते. तेथे मिस सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवीत. त्या शाळा पाहून आल्यावर जोतीरावांनी १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फॅरारबाई अमेरिकेच्या उत्तरेकडील न्यू हॅम्पशायरच्या. तेव्हा अर्पणपत्रिकेतल्या अमेरिकेला एक चेहरा नगरने दिला असावा, असे मानायला जागा आहे.

यादवी युद्धात (१८६१-६५) दक्षिणेच्या गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध उत्तरेचे गोरे लढले. युद्ध सुरू झाले ते संघराज्य टिकवण्यासाठी. गुलाममुक्ती हे त्याचे उद्दिष्ट पुढे बनले. तरीही वरच्यांतलाच एक भाग खालच्यांसाठी रक्त सांडतो, हे दृश्य जोतीरावांना मोलाचे वाटले, कारण येथे ते दिसत नव्हते. आपल्याकडची ‘उत्तर’ कोठे आहे, हा अर्पणपत्रिकेतला न विचारलेला प्रश्न आहे.

मात्र तीत एक उणीव राहते. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक होते. मुक्ती त्यांनीही मिळवली होती. अर्पणपत्रिकेत मुक्त करणारे दिसतात, मुक्त होणारे दिसत नाहीत.

ही उणीव पुस्तकच भरून काढते. आत धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. धोंडिबा विचारतो, शंका काढतो. मत्स्यापासून वामनापर्यंतच्या अवतारकथा उलट्या बाजूने वाचल्या जातात आणि बळीराजा नायक ठरतो. पुस्तक इंग्रज सरकारकडेही दाद मागते, हे खरे. पण त्याची रचना अर्जाची नाही. अमेरिकेत गुलामाच्या पायातली बेडी डोळ्यांना दिसत होती. १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने ती तोडता आली. येथली बेडी कथांतून मनात बसलेली होती. ती तोडायला धोंडिबाच हवा होता.

पुढे १८७७मध्ये संघराज्याने दक्षिणेतल्या राज्यांमागचे लष्करी पाठबळ काढून घेतले आणि काळ्यांचे मताधिकार तेथे हळूहळू हिरावले गेले. दुसऱ्याच्या बळावर उभे असलेले स्वातंत्र्य ते बळ हटताच डळमळते. ‘गुलामगिरी’ लिहिताना जोतीरावांपुढे हा अनुभव नव्हता. तरीही त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी सत्यशोधक समाज स्थापला. देशबांधवांच्या सज्जनपणाची वाट पाहत ते थांबले नाहीत. म्हणून अर्पणपत्रिका वाचून पुस्तक मिटू नये. तिच्यातल्या आशेला जोतीरावांनी दिलेली जोड धोंडिबाच्या प्रश्नांत आहे.