आयरिश लोकपरंपरेतील आत्मनिवेदन : सण, स्मृती आणि संकलकाची लेखणी

आपल्याकडील महाविद्यालयांच्या इंग्रजी विभागांत आयर्लंड बहुधा डब्ल्यू. बी. येट्स आणि जे. एम. सिंज यांच्या वाटेने येते. सिंजची 'रायडर्स टू द सी' (१९०४) ही एकांकिका शिकविताना ॲरन बेटांवरील चालीरीतींचा निर्देश होतो, येट्सची कविता शिकविताना परीलोकाचा होतो, आणि तेवढ्यावर लोकपरंपरेची दखल संपते. ज्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, मोलकरणींनी आणि आजीबाईंनी ही परंपरा प्रत्यक्ष जगली व सांगितली, त्यांचे स्वतःचे निवेदन अभ्यासाच्या कक्षेत क्वचितच येते. प्रस्तुत लेखात अशा वैयक्तिक निवेदनांचा विचार करावयाचा आहे. 'माझ्या लहानपणी आमच्याकडे असे करीत' या स्वरूपाचे कथन हा लोकपरंपरेचा पुरावा असतो यात शंका नाही. मात्र ते कोणी, कोणाला व कोणत्या प्रसंगी सांगितले आणि कोणी लिहून घेतले, हे पाहिल्याशिवाय त्याचे मोल ठरविता येत नाही, अशी या लेखामागील भूमिका आहे.

येट्सने १८८८ साली आयरिश ग्रामीण परीकथांचा जो संग्रह संपादित केला, त्यातील बराचसा मजकूर आधी छापून आलेल्या पुस्तकांतून घेतलेला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी डग्लस हाइड यांचा 'बिसाइड द फायर' हा संग्रह प्रसिद्ध झाला. हाइड यांनी त्यात आयरिश भाषेतील मूळ कथने दिली आणि पूर्वीच्या संकलकांवर स्पष्ट आक्षेप घेतला : कथा कोणाकडून मिळाली हे ते सांगत नाहीत आणि तिच्यात स्वतःच्या पदरचे किती घातले हेही कळू देत नाहीत. वाङ्मयीन गुणवत्तेच्या निकषावर येट्स मोठा ठरेल, यात वाद नाही. तथापि निवेदकाला नाव असते आणि त्याची स्वतःची भाषा असते, ही जाणीव हाइड यांच्या शिस्तीने दिली. पुढे १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकविद्या आयोगाने हीच शिस्त अंगीकारली. हाइड हे १९३८ मध्ये आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

पेग सेयर्स : एक निवेदक, दोन प्रतिमा

या प्रश्नाची खरी गुंतागुंत पेग सेयर्स (१८७३–१९५८) यांच्या बाबतीत दिसते. केरी परगण्यातील डनक्वीन येथे जन्म, लहानपणीच डिंगल गावात घरकामाची चाकरी, मैत्रीण अमेरिकेतून प्रवासखर्च पाठवील या आशेवर काढलेली वर्षे, तो पैसा न आल्याने ठरविला गेलेला विवाह आणि लग्नानंतर ग्रेट ब्लास्केट बेटावरील संसार, अशी त्यांच्या आयुष्याची रूपरेषा आहे. काही मुले दगावली, एक मुलगा कड्यावरून पडून मृत्यू पावला, उरलेल्यांपैकी बहुतेक अमेरिकेला गेली. त्यांचे आत्मकथन १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. ते त्यांनी हाताने लिहिलेले नाही. त्यांनी सांगितले, मुलाने लिहून घेतले आणि डब्लिनच्या माइरे नी खिनेदे यांनी संपादित केले. अर्थात ज्याला आपण 'वैयक्तिक' म्हणतो तो आवाज तीन टप्पे ओलांडून वाचकापर्यंत पोहोचला.

हा प्रवास निष्परिणाम झाला नाही. मुलासमोर बोलणारी आई काही गोष्टी बोलत नाही. आणि नव्या राष्ट्राच्या शाळांसाठी आयरिश गद्याचा शोध सुरू असताना कोणते पान ठेवावे, कोणते गाळावे, याचे निकष आपोआप सोवळे होतात. पुस्तकातील पेग श्रद्धाळू, सोशिक आणि दुःखात देवाचे नाव घेणारी आहे. हेच पुस्तक माध्यमिक शाळांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नेमले जात होते. परिणामी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना सक्तीची आयरिश भाषा आणि पेगचे दारिद्र्य यांचा एकदमच कंटाळा आला.

याच पेग यांच्याकडून आयोगाचे संकलक शोसव ओ दाली यांनी शेकडो कथा व इतर लोकसाहित्य टिपून घेतले. अभिलेखागारातील ही पेग वेगळी आहे : विनोदी, वीरकथा व प्रेमकथा रंगवून सांगणारी, श्रोत्यांना रात्र रात्र खिळवून ठेवणारी. स्त्री एकच, श्रोता बदलला आणि निवेदन बदलले. आत्मचरित्राला 'अस्सल' आणि कथेला 'कल्पित' मानण्याची आपली समीक्षकीय सवय येथे उलटी करून पाहावी लागते. मला तरी असे वाटते, की पेग यांचे स्वत्व त्यांच्या आत्मचरित्रापेक्षा त्यांनी सांगितलेल्या परक्यांच्या कथांत अधिक मोकळेपणाने प्रकटले आहे.

दारिद्र्य व सोशिकता यांच्या या साचेबंद चित्रणाचे विडंबन समकालीनांनीही केले होते. फ्लॅन ओब्रायन यांची 'आन बेअल बॉक्त' ही आयरिश भाषेतील कादंबरी १९४१ सालची. तिचा रोख बेटांवरच्या गरीब माणसांवर मुळीच नाही. त्या गरिबीत पावित्र्य शोधणाऱ्या शहरी भाषाप्रेमींवर तो आहे. हा भेद अनेकदा ध्यानात घेतला जात नाही.

शाळकरी मुलांच्या वह्या

१९३७ ते १९३९ या काळात आयोगाने एक असाधारण उपक्रम राबविला. आयरिश फ्री स्टेटमधील सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांनी घरातील व शेजारच्या वृद्धांना विचारून स्थानिक कथा, उपचार, खेळ, सण यांची माहिती लिहून आणली. हा संग्रह सुमारे ७,४०,००० पृष्ठांचा आहे. आज तो डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील राष्ट्रीय लोकविद्या संग्रहात असून संगणकीय माध्यमातून सर्वांसाठी खुला आहे. उत्तर आयर्लंडच्या शाळा त्यात नाहीत, हे नकाशावरील रिकामेपण वाचकाने सतत लक्षात ठेवावयास हवे.

या वह्यांत सांगणाऱ्याचे नाव व गाव सामान्यतः नोंदलेले असते. तरीही त्या निर्मळ झऱ्यासारख्या आहेत असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शिक्षकांना मार्गदर्शक पुस्तिका दिलेली होती, तीत पन्नासहून अधिक विषय आखून दिले होते. आणि विचारलेल्या प्रश्नाच्या आकारातच उत्तर मिळते. शिवाय गुरुजी वही तपासणार हे मुलाला ठाऊक होते. अशा वहीत आजीची कोणती गोष्ट उतरणार नाही, याची कल्पना कोणाही अध्यापकाला करता येईल. एवढी मर्यादा सांगूनही या संग्रहाचे महत्त्व कमी होत नाही. केव्हिन डॅनहर यांचा 'द इयर इन आयर्लंड' (१९७२) हा आयरिश सणांवरील प्रमाणभूत ग्रंथ आहे आणि त्याची उपयुक्तता वादातीत आहे; परंतु त्यात वर्षचक्राच्या ओघात 'लोक असे करीत' एवढेच उरते. 'माझी आजी असे करी' हे वाक्य वहीतच सापडते.

सण : आठवणीतले आणि शासनाचे

संत ब्रिजिड यांचा दिवस १ फेब्रुवारी. आदल्या संध्याकाळी लव्हाळ्यांचा क्रूस विणून दारावर किंवा आढ्याला लावणे, एक वस्त्र रात्रभर बाहेर ठेवून त्यास पवित्र व रोगहारक मानणे, केरीत बाहुली घेऊन 'बिड्डी' नावाने घरोघर फिरणे, हे आचार दूधदुभते, जनावरांची वीण आणि संपत आलेला हिवाळा यांच्याशी बांधलेले होते. (अमेरिकेत आयरिश मोलकरणींना सरसकट 'बिड्डी' म्हटले जाई, एकाच नावाचा एकीकडे असा आदर आणि दुसरीकडे अशी हेटाळणी.) २०२३ पासून या दिवसानिमित्त आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी दिली जाते, स्त्रीच्या नावाने दिलेली ही तेथील पहिलीच सुट्टी. १ फेब्रुवारीला शुक्रवार नसेल तर ती महिन्याच्या पहिल्या सोमवारी येते. लव्हाळे कापण्याची संध्याकाळ मात्र सोमवारकडे सरकत नाही.

संत पॅट्रिक दिनाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्याची मिरवणूक १७६२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघाली ती ब्रिटिश सैन्यातील आयरिश सैनिकांची. खुद्द आयर्लंडमध्ये १९२० च्या दशकापासून १९६० च्या सुमारापर्यंत त्या दिवशी मद्यालये बंद असत. आज जगभर जो उत्सव 'आयरिश' म्हणून ओळखला जातो, तो मोठ्या अंशी स्थलांतरितांनी घडवून मायदेशी परत पाठविलेला आहे. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशाबाहेर गेली. त्यांच्या वंशजांना एका दिवसात मावेल असा देश हवा होता. त्यास कृत्रिम म्हणून हिणविणे मला योग्य वाटत नाही.

उलट ६ जानेवारीचा 'स्त्रियांचा नाताळ' पाहावा. कॉर्क व केरी भागांत त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करावे आणि स्त्रियांनी एकमेकींकडे जाऊन बसावे, अशी प्रथा आहे. ही प्रथा चौकातील मिरवणुकीत मांडता येत नाही. उरलेल्या दिवसांत घरकाम कोणाकडे होते, हे ती न बोलता सांगते.

सावन आणि ब्रिजेट क्लिअरी

३१ ऑक्टोबरची सावनची रात्र, कोरलेल्या सलगमातील दिवे, अंगठी किंवा चिंधी दडविलेला बार्मब्रॅक हा गोड पाव आणि त्यावरून पाहिलेले भविष्य, हे सारे आठवणींत रम्य वाटते. सलगमाची जागा अमेरिकेत भोपळ्याने घेतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या रात्री परीलोकाची दारे उघडतात आणि माणसे पळवून नेली जातात, ही समजूत केवळ खेळ नव्हती. टिपेररी परगण्यात मार्च १८९५ मध्ये ब्रिजेट क्लिअरी या सव्वीस वर्षांच्या स्त्रीला तिच्या नवऱ्याने, नातेवाईक व शेजारी घरात असताना, जाळून मारले. ही आपली पत्नी नसून परीलोकातून आलेली बदली स्त्री आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. येट्सच्या संग्रहाला तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती.

अँजेला बर्क यांनी 'द बर्निंग ऑफ ब्रिजेट क्लिअरी' (१९९९) या ग्रंथात या घटनेची जी मीमांसा केली आहे, ती लोकविद्येच्या अभ्यासकाने आवर्जून वाचावी अशी आहे. ब्रिजेट शिवणकाम करी, तिच्याकडे शिवणयंत्र होते, कोंबड्या पाळून ती स्वतःचा पैसा मिळवी, तिला मूल नव्हते. अशा स्त्रीविषयीची अस्वस्थता उघड बोलण्याऐवजी परीकथेच्या भाषेत बोलता येत होती, असे बर्क दाखवितात. त्यांनी विश्वासाला अडाणीपणा ठरविले नाही आणि त्याचे उदात्तीकरणही केले नाही. या तोलामुळे तो ग्रंथ मला महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन पुन्हा निवेदनांचेच आहे : न्यायालयातील साक्षी आणि वृत्तपत्रांतील वार्तांकने. त्यांत नवरा बोलतो, वडील बोलतात, चुलत भावंडे व शेजारीण बोलते. ब्रिजेटची वाक्ये येतात, ती या इतरांच्या तोंडून.