‘सीसी’ दाबल्यावर काय येतं?

मागच्या आठवड्यात एका मित्राबरोबर मोबाइलवर मराठी मालिकेचा एक भाग ‘पाहिला’. मित्राला दिसत नाही. पडद्यावर काय आहे ते फोन त्याला बोलून सांगतो. त्याने प्लेअरवर बोट फिरवलं तर फोन म्हणाला, “अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन.” थांबवायचं कुठलं, मागे न्यायचं कुठलं, पत्ताच नाही.

तंत्र जुनाट आहे म्हणून हे झालं असतं तर समजण्यासारखं होतं. पण ऑनलाइन प्रसारणाचं तंत्र आज कधी नव्हे इतकं खुलं आहे. १९९५ साली रिअलऑडिओ आलं, तेव्हा रेडिओ ऐकायला त्याच कंपनीचा प्लेअर लागे. मग विंडोज मीडिया, मग फ्लॅश. मालक बदलले, कुलूप तेच. बीबीसीची गोष्ट तर मासलेवाईक आहे. जुलै २००७ मध्ये आयप्लेअर लोकांपुढे आला तो फक्त विंडोज एक्सपीवाल्यांसाठी. टीव्हीचं परवाना शुल्क सगळ्यांनी भरायचं आणि मॅक-लिनक्सवाल्यांनी बाहेर उभं राहायचं, यावरून बराच गदारोळ झाला. वर्षअखेरीस फ्लॅशमधून दार किलकिलं झालं. गंमत म्हणजे याच बीबीसीच्या अभियंत्यांनी ‘डिरॅक’ नावाचा खुला व्हिडिओ कोडेक घडवला होता. पिकतं तिथे विकत नाही!

पुढे चित्र पालटलं. २००९ मध्ये ॲपलने एचएलएस आणलं, २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झालं. दोन्हींची युक्ती साधी: कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत ठेवायचा आणि त्यांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत द्यायची. नेट मंदावलं की प्लेअर हलका तुकडा उचलतो. खास सर्व्हर नको, खास प्लेअर नको.

कॅप्शनचंही तसंच. वेबव्हीटीटीची फाइल नोटपॅडमध्ये उघडते: वेळ, बाण, वेळ आणि खाली वाक्य. अमेरिकी टीव्हीची जुनी कॅप्शनपद्धत लॅटिन लिपीपुरती बेतलेली होती. इथे युनिकोड आहे, म्हणजे देवनागरीला अडसर नाही. शिवाय हा मजकूर चित्रापासून वेगळा राहतो. अक्षर मोठं करा, रंग बदला, हवं तर ब्रेल यंत्राकडे पाठवा. चित्रातच छापून टाकलेल्या अक्षरांचं यातलं काहीही होत नाही.

मग हे सगळं प्रेक्षकापर्यंत पोहोचत का नाही? मला वाटतं, आपण मानकांकडून फार अपेक्षा केली. मानक फक्त जागा राखून ठेवतं. ती भरायची कुणी, हे ठरवत नाही. अमेरिकेत ती कोर्टाने भरून घेतली. कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सवर दावा लावला आणि २०१२ च्या तडजोडीत २०१४ पर्यंत सगळ्या कार्यक्रमांना कॅप्शन देण्याचं ठरलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवरच ‘डेअरडेव्हिल’ ही मालिका आली. नायक अंध, आणि पडद्यावर काय घडतंय ते अंध प्रेक्षकाला बोलून सांगणारं ध्वनिवर्णनच नाही! ओरड झाल्यावर काही दिवसांत ते आलं. आपल्याकडेही २०२३ मध्ये ‘पठाण’ ओटीटीवर येण्याआधी त्याला कॅप्शन आणि ध्वनिवर्णन जोडायला दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

खुलेपणालाही एक मोठी खाच आहेच. १८ सप्टेंबर २०१७ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने ब्राउझरमध्ये डीआरएमला, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या डिजिटल कुलपाला, अधिकृत जागा दिली. अपंगांच्या सोयीसाठी कुणी ते कुलूप उघडलं तर त्याला संरक्षण असावं, ही मागणी फेटाळली गेली आणि डिजिटल हक्कांसाठी झगडणारं इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन त्याच दिवशी डब्ल्यू३सीतून बाहेर पडलं. त्यांचं बरोबर होतं, असं माझं मत.

मराठीत मात्र गोष्ट डीआरएमपर्यंत जातच नाही. मराठी चित्रपटावर ‘सीसी’, म्हणजे कॅप्शनचं बटण दाबा, बहुतेकदा इंग्रजी येतं. ती अक्षरं मराठी न येणाऱ्यासाठी आहेत, ऐकू न येणाऱ्या मराठी माणसासाठी नाहीत. त्यात संवाद असतो. माजघरातून आलेली हाक नसते, दारावरची थाप नसते, बोलता बोलता घोगरा झालेला आवाज नसतो. कर्णबधिर आजीने नातवंडांबरोबर सिनेमा बघायचा तर आधी इंग्रजी शिकायचं.

मित्राने आपल्यापुरता उपाय काढला होता. डावीकडून चौथं ‘अनलेबल्ड बटन’ म्हणजे विराम, हे त्याने पाठ केलं होतं. परवा ॲप अपडेट झालं. आता ते पाचवं आहे.