काय-वर्ग काय सांगतो, काय सांगत नाही

निवडणूक जवळ आली की महाविद्यालयांतून सर्वेक्षणांचे पीक येते. प्रश्नावली छापायची, शे-दोनशे लोकांकडून भरून घ्यायची, काय-वर्ग कसोटी लावायची आणि ‘निष्कर्ष ०.०५ स्तरावर सार्थ आहे’ असे लिहून प्रकल्प सादर करायचा, ही रीत आता रूढ झाली आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली ही कसोटी उत्तम आहे. आमची तक्रार तिच्या वापराबद्दल आहे.

अंबाजोगाईचेच उदाहरण घेऊ. अंबाजोगाई हा स्वतंत्र जिल्हा व्हावा, ही मागणी जुनी आहे. समजा, शहरातील ४० आणि आसपासच्या खेड्यांतील ४० जणांना या मागणीबद्दल विचारले. (आकडे कल्पित आहेत.) शहरात २८ जण ‘होय’ म्हणाले, १२ ‘नाही’, खेड्यांत २२ ‘होय’, १८ ‘नाही’. राहण्याचे ठिकाण आणि मत यांचा काही संबंध नाही असे धरले, तर एकूण ५० होकार दोन्हीकडे सारखे, म्हणजे २५-२५ पडायला हवेत आणि नकार १५-१५. प्रत्येक रकान्यात फरक ३ चा, त्याचा वर्ग ९. त्याला अपेक्षित संख्येने भागून चारही रकान्यांची बेरीज केली की १.९२ येते. स्वाधीनता मात्रा १ असताना ५ टक्के स्तरावरील कोष्टकातील किंमत ३.८४ आहे. आपले उत्तर तिच्याहून कमी. म्हणजे एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

आता चूक कोठे होते ते पाहा. विद्यार्थी आधी टक्केवारी काढतो : शहरात ७० टक्के, खेड्यांत ५५ टक्के. मग हीच टक्केवारी माणसांची संख्या समजून सूत्रात घालतो. उत्तर येते ४.८०, आणि निष्कर्ष एकदम ‘सार्थ’ ठरतो! विचारले ८० जणांना, हिशेब मात्र २०० जणांचा. काय-वर्ग कसोटी माणसे मोजते, टक्के नव्हे.

उलट, दोन्हीकडे खरोखरच हजार-हजार जणांना विचारले आणि प्रमाण हेच राहिले, तर उत्तर ४८ येईल. म्हणून मतभेद दहापट तीव्र झाला काय? मुळीच नाही. काय-वर्गाला एकूण संख्येने भागून वर्गमूळ काढा. तिन्ही वेळा ते ०.१५ च्या आसपासच येते. ‘सार्थ’ याचा अर्थ ‘मोठा’ असा नाही. तो फरक केवळ योगायोगाचा मानणे कठीण आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा दोष म्हणजे दहा प्रश्न घ्यायचे, प्रत्येकाला वय, लिंग, जात, शिक्षण आणि व्यवसाय यांच्याशी ताडून पाहायचे आणि पन्नास कोष्टकांतून जी दोन-तीन ‘सार्थ’ निघतील तेवढीच छापायची. कोठेच काही संबंध नसला, तरी ५ टक्के स्तरावर पन्नासांत सरासरी अडीच कोष्टके आपोआप सार्थ ठरतात!

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. बसस्थानकावर भेटले त्यांना विचारले, एका घरातील पाचही जणांची उत्तरे वडिलांच्या तोंडून घेतली, ‘सांगता येत नाही’ म्हणणाऱ्यांना वगळले, तर कोणतेही सूत्र ती उणीव भरून काढू शकत नाही. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ साली वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून लँडन विजयी होतील असे सांगितले. निवडून आले रूझवेल्ट, तेही प्रचंड मताधिक्याने. नमुना मोठा होता, पण निवड एकांगी होती.

आपल्याकडे हा विषय केवळ गुणांचा नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीड मतदारसंघात बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. दोघांच्या मतांची बेरीज साडेतेरा लाखांहून अधिक. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्या वेळी आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत ताण होता. अशा जिल्ह्यात दीडशे प्रश्नावल्यांच्या आधारे ‘अमुक जात अमुक पक्षाची’ असे शास्त्राच्या नावाने छापणे म्हणजे शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडणे होय. ओळखीच्या मुलाने घरी येऊन मत विचारले, तर माणूस खरे सांगेलच, असेही नाही.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. हजेरीपटातील क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून त्या डब्यात टाकाव्यात आणि त्यांतून चाळीस मुले निवडावीत. सम आणि विषम क्रमांकांची मुले असे दोन गट पाडून प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारावा आणि काय-वर्ग काढावा. असे वीस प्रश्न करून पाहावेत. एखादे उत्तर ‘सार्थ’ आलेच, तर क्रमांक सम असल्याने मुलाचे मत बदलते का, असे वर्गाला विचारावे. मुले हसतील. त्या हसण्यातून जे कळेल, ते सूत्र पाठ करून कळणार नाही.