भिंतीपलीकडची शार्लट

नेटफ्लिक्सच्या ‘क्वीन शार्लट’मध्ये (२०२३) लग्नाच्या ऐन दिवशी नवरी बागेची भिंत चढून पळायला बघते. तिथेच तिला नवरा भेटतो आणि आपण प्रेक्षक विरघळतो. खरी शार्लट जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-श्ट्रेलिट्झ या चिमुकल्या संस्थानातली. ८ सप्टेंबर १७६१ ला ती लंडनला पोचली, तिसऱ्या जॉर्जला पहिल्यांदा भेटली आणि त्याच रात्री लग्न लागलं. वय १७, इंग्रजी जवळपास येतच नव्हतं. भिंत शोधायला वेळ कुठला?

हा इतिहासाचा धडा नाही, असं मालिका सुरुवातीलाच सांगून टाकते. त्यामुळे १७८८ चं राजाचं मोठं आजारपण थेट लग्नाच्या पहिल्या वर्षात आणलं, याला माझी हरकत नाही. इंडिया अमार्टेफियो आणि गोल्डा रोशुवेल या दोघींनी मिळून एकच बाई उभी केलीय, तीही झकास. आठ वर्षांच्या मोत्सार्टला दरबारात ऐकणारी, क्यूच्या बागेत रमणारी राणी फारशी दिसत नाही, तेही चालेल. (बुकेत असतं ना ते केशरी-निळं ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’? त्याचं शास्त्रीय नाव स्ट्रेलिट्झिया, तिच्या माहेरावरून.)

माझी तक्रार मुलींबद्दल आहे. मालिकेतली म्हातारी शार्लट वारस हवा म्हणून मुलांच्या मागे लागते, बिनलग्नाच्या मुलींना टोमणे मारते, आणि आपण हसतो. पण त्या बिनलग्नाच्या का राहिल्या? शार्लटला १५ मुलं झाली, त्यात सहा मुली. बापाला त्यांना लांब पाठवायचं नव्हतं. त्याचं डोकं बिघडल्यावर आईने त्यांना स्वतःभोवती धरून ठेवलं. सोबत, वाचन, भरतकाम, पुन्हा सोबत. त्या मुलीच आपल्या घराला ‘ननरी’ म्हणायच्या. सहापैकी तिघींचीच लग्नं झाली: थोरलीचं तिसाव्या वर्षी, मेरीचं चाळिसाव्या. कादंबरीकार फॅनी बर्नी १७८६ पासून पाच वर्षं राणीच्या कपड्यांच्या खात्यात नोकरीला होती. तब्येत पार ढासळल्यावर तिची सुटका झाली. तिची रोजनिशी वाचताना राणीबद्दल आदर वाटतो आणि जीवही गुदमरतो.

सासुरवास सोसलेली बाई पुढे स्वतःच कडी लावून बसते, हे आपल्याला नवं नाही. मालिकेने ही बाई हातात असताना सोडली. का, ते शेवटच्या प्रसंगात कळतं. तिथे म्हातारे राजा-राणी पलंगाखाली शिरतात, पुन्हा तरुण होतात. रडू येतं, खोटं कशाला बोलू! पण त्या प्रेमाला धक्का लागू नये म्हणून राणीची भीती आणि मुलींची कोंडी दोन्ही बाहेर ठेवावी लागलीत. प्रत्यक्षात शेवटच्या वर्षांत राजाची कायदेशीर जबाबदारी तिच्याकडे होती, तरी ती त्याच्या भेटी टाळायची.

एलिझाबेथचं लग्न ७ एप्रिल १८१८ ला झालं, सत्तेचाळिसाव्या वर्षी, आईची नाराजी पत्करून. १७ नोव्हेंबरला शार्लट क्यूला वारली. विंडसरमधल्या जॉर्जला ते समजण्याची अवस्था उरली नव्हती.